चिमण्या काही केल्या पुसला जाईना

पौडच्या बाजारपेठेत मी मुलाण्यांचा मुनीर. शाळांच्या आणि वाचनालयांच्या फोनमध्ये माझं नाव 'मुनीर कॉम्प्युटर' असं साठवलेलं असतं, जणू ते माझं आडनाव. आणि पौडच्या पुढे, मुळेच्या खोऱ्यात, मला 'बैलवाला मुनीर' म्हणतात. आमच्या घरात आजवर कुणी बैल पाळलेला नाही. कोंबड्या होत्या, पण त्याही आमचं ऐकत नसत. तरीही खोऱ्यातल्या एखाद्या लग्नात गेलो की पंगतीतून कुणीतरी हमखास विचारतं, "बैलवाले, यंदा कुणाचा लावला?" आणि माझी बायको रेहाना पदर तोंडाला लावून हसते. हे नाव मला कसं पडलं, तेवढंच आज सांगतो. बाकी माझ्या कारकिर्दीत सांगण्यासारखं काही नाही. जे आहे ते गिऱ्हाइकांनी सांगायचं, आणि ते सांगू नये अशी माझी इच्छा आहे.

माझा धंदा सार्वजनिक संगणक सांभाळण्याचा. सार्वजनिक संगणक म्हणजे एसटी स्टँडवरचा बाक. सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही, आणि जो बसेल तो काहीतरी कोरून जातो. बाकावर लोक बदाम कोरतात. संगणकावर वॉलपेपर बदलतात, अक्षरं टरबुजाएवढी करून ठेवतात, खालची पट्टी वर नेतात, वरची कुठेतरी हरवतात. पौडला एका केंद्रात एका गृहस्थांनी पडद्यावरची सगळी चित्रं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. कारण विचारलं, तर म्हणाले, "पसारा दिसत होता." सूसला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये निवृत्त मंडळींसाठी एकच संगणक होता. सकाळी एक काका अक्षर मोठं करून पेपर वाचायचे, दुपारी दुसरे काका ते बारीक करायचे, आणि संध्याकाळी दोघेही सेक्रेटरीकडे तक्रार करायचे. सेक्रेटरी मला फोन करायचा. फोनवर त्याचा आवाज असा असायचा, की वाटावं सोसायटीत खून झाला आहे.

या सगळ्यावर माझ्याकडे एक जालीम इलाज आहे. संगणकात प्रत्येक वापरणाऱ्याची एक प्रोफाइल असते. प्रोफाइल म्हणजे त्याची खोली समजा. भिंतीवर कुठलं चित्र, कुठल्या फळीवर काय ठेवलंय, दिवा किती मोठा, हे सगळं त्या खोलीत असतं. मी एक नमुन्याची खोली स्वच्छ लावतो आणि तिला कायमची बंदिस्त करून टाकतो. मग जो कोणी येतो त्याला त्या खोलीची एक नक्कल मिळते. त्याने तिथे काय वाटेल ते करावं. भिंती रंगवाव्यात, फळ्या पाडाव्यात, मला काही सोयरसुतक नाही. तो बाहेर पडला, म्हणजे लॉगआउट झाला, की संगणक ती नक्कल फेकून देतो आणि पुढच्याला नवी कोरी देतो. ज्याला आपलं काम जपायचं असेल त्याने पेनड्राइव्ह आणावा, नाहीतर स्वतःला मेल करावा. हे मी प्रत्येक ठिकाणी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावतो आणि प्रत्येक ठिकाणी ते कॅलेंडरखाली झाकलं जातं.

आता धंद्यातलं गुपित सांगतो. खोली लावून झाली, की तिला बंदिस्त करायला एका फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं बदलायची असतात. झालं. एवढंच. हे काम शिंक यायच्या आत होतं. पण गिऱ्हाइकाला ते दिसलं तर आपली किंमत काय राहणार? म्हणून मी अक्षरं बदलल्यावरसुद्धा भुवया आकसून पडद्याकडे बघत बसतो, मधेच "हं" म्हणतो आणि चहा मागवतो. चहा येईपर्यंत लोकांना घाम फुटलेला असतो.

या धंद्यात नियम एकच. कुलूप लावण्याआधी खोलीत काय आहे ते बघा. फोटो काढताना डोळे मिटले असतील तर ते जन्मभर मिटलेलेच राहतात, तसंच हे. नियम मीच केलेला. इतरांना मी तो बोट वर करून सांगतो.

खोऱ्यातल्या ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारचं गाव रागावेल. तिथे मंगलताई वाचनालय चालवतात. एका हिंजवडीच्या कंपनीने त्यांना सहा संगणक दिले होते. पोलीस भरतीचे, तलाठ्याचे, नर्सिंगचे फॉर्म भरायला मुलं-मुली त्याआधी पौडला यायची. आता गावातच काम व्हायला लागलं. पण कंपनीने एक अट घातली होती. पाहणीला आमचा माणूस येईल. संगणक नीट, सगळे एकसारखे आणि वापरात दिसले तर ते गावाचे. नाहीतर उचलून दुसऱ्या गावाला. ही पोकळ धमकी नव्हती. मंगलताईंना याआधी कुणीतरी तीन संगणक दिले होते आणि त्यांच्यावर इतके खेळ आणि इतके व्हायरस जमले, की देणाऱ्याने ते टेम्पोत घालून परत नेले. टेम्पोच्या मागे मंगलताई वेशीपर्यंत चालत गेल्या होत्या, असं गावात सांगतात. त्या स्वतः यावर काही बोलत नाहीत.

दुसरी अडचण खोलीचीच होती. ती पूर्वी गावकीच्या भांड्यांची खोली. लग्नाला, भंडाऱ्याला लागणारे टोप, कढया, झारे, पितळी हंडे सगळे तिथे असायचे. संगणक आले तेव्हा भांडी देवळाच्या मंडपात हलवली, 'तात्पुरती'. भांड्यांचे राखणदार तात्या. गोरे, उंच, पिळदार मिशा, आणि आवाज असा की मैदानातून बोलले तर घाटाखाली ऐकू जावा. तात्यांनी देवळात बसून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पाहुनं आलं, ऱ्हायलं, आता जातील. भांडी परत हितंच येनार." आणि तात्यांचा शब्द म्हणजे गावात शब्द होता. ते रोज संध्याकाळी वाचनालयाच्या दारात यायचे आणि मंगलताईंना विचारायचे, "मंगल, कदी निगतोय तुजा टेम्पो?"

मंगलताईंचं गणित साधं होतं. पाहणी नीट झाली, तर संगणक गावाच्या मालकीचे होतील आणि मग तात्यांशी भांडता येईल. म्हणून त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "मुनीरभाऊ, असं कुलूप लावा की कुणी एक टिंबसुद्धा हलवू नये."

"ताई," मी म्हणालो, "टिंब सोडा, मी गेल्यावर मला स्वतःलासुद्धा हलवता येणार नाही."

माझ्या तोंडून आजवर जेवढी खरी वाक्यं बाहेर पडली, त्यांतलं हे एक.

मी गेलो त्या दिवशी मंगलताईंना पंचायत समितीत काम निघालं म्हणून त्या पौडला गेल्या होत्या. खोलीत चार-सहा मुलं अभ्यास करत बसली होती. कोपऱ्यातल्या संगणकावर ओढणी डोक्यावर घेतलेली एक मुलगी होती. मी एकेक संगणक मोकळा करून घेत होतो, तेवढ्यात दारात तात्या उभे.

"काय कॉम्प्युटर, आलास का?" ते मला कायम असंच म्हणायचे. "काय करतुयास ह्या डबड्यांचं?"

तात्यांचा आवाज ऐकताच कोपऱ्यातल्या मुलीने मान आणखी खाली घातली. तात्यांनी त्या कोपऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, असेल काही भाऊबंदकी.

आता मला समोर प्रेक्षक दिसला की माझ्यात काहीतरी संचारतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला नेहमी द्वारपालाचं काम मिळायचं आणि मी ते राजासारखं करायचो. मास्तर त्यासाठीच मला मारायचे. तात्यांना खुर्ची दिली आणि मी सुरू झालो.

"तात्या, आता जादू बघा. तुमच्या चिमण्याचा फोटो आहे ना मोबाइलवर?"

चिमण्या हा तात्यांचा शर्यतीचा बैल. नाव चिमण्या आणि अंगापिंडाने हत्ती. लहानपणी अशक्त होता म्हणून हे नाव पडलं आणि तो वाढला तरी नाव काही वाढलं नाही. आमच्या तालुक्यात शर्यतीच्या बैलाला काय मान असतो, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. सरपंच रस्त्यात भेटला तर लोक रामराम करतात; बैल भेटला तर थांबून फोटो काढतात. तात्यांच्या मोबाइलमध्ये बायकोचा एक फोटो होता, त्यातही ती चिमण्याच्या मागे उभी.

"हाय की," तात्या म्हणाले. "परवाच्या गुलालाचा हाय बग."

फोटो खरंच फर्मास होता. कपाळावर गुलाल, पाठीवर झूल, शिंगांना गोंडे, आणि एका डोळ्याने चिमण्या कॅमेऱ्याकडे असा बघतोय की जणू कॅमेऱ्यानेच काहीतरी चूक केली आहे. मी तो फोटो घेतला आणि नमुन्याच्या खोलीत वॉलपेपर म्हणून लावला. अख्खा पडदा चिमण्याने भरला.

"आता हा बघा चिमण्या. कुणीही येऊन असंच काहीतरी लावतो, बरोबर? आता मी कुलूप लावतो. बाहेर पडतो. पुन्हा आत येतो. चिमण्या गायब! कोरा निळा पडदा! तुमचा बैल मैदानातून जेवढा पळतो, त्याच्यापेक्षा जास्त वेगाने इथून पळेल."

"पळव," तात्या म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

मी बाहेर पडलो. संगणकाच्या मालकाचं जे वेगळं खातं असतं, त्याने आत शिरलो, तीन अक्षरं बदलली, भुवया आकसल्या, "हं" म्हटलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत फार हुशारी करून तीच बंदिस्त खोली उरलेल्या पाचही संगणकांवर नेऊन ठेवली. चहा प्यायलो. मग उभा राहून, बाह्या सरसावून, एका मागोमाग एक सहाही संगणक उघडले.

सहाही पडद्यांवर चिमण्या.

वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. मी आधी बैल आत घातला आणि मग दार लावलं. उलट करायला हवं होतं. आधी कोऱ्या खोलीला कुलूप, मग बैलाचा तमाशा. ज्या नियमासाठी मी तालुक्यात बोट वर करून हिंडतो, तो नियम मी सहा संगणकांवर, झुलीसकट, मोडला होता. मी चाचपडत एका पडद्यावरचा बैल बदलून फुलांचं चित्र लावलं, बाहेर पडलो, आत आलो. चिमण्या. पुन्हा केलं. पुन्हा चिमण्या, त्याच एका डोळ्याने माझ्याकडे बघत. कुलूप अप्रतिम लागलं होतं, याबद्दल शंकाच नव्हती.

मुलं माझ्याकडे बघतायत. तात्या माझ्याकडे बघतायत. खरं म्हणजे दुरुस्ती चहाच्या दुसऱ्या कपाएवढी होती. पण 'चुकलं' म्हणायचं कुणासमोर? तात्यांसमोर? ते तसेच देवळात गेले असते आणि टेम्पो त्याच संध्याकाळी बोलावला असता. माझ्या तोंडाने माझी परवानगी न घेता बोलायला सुरुवात केली.

"तात्या, ही आमच्याकडून तुम्हाला भेट. आजपासून चिमण्या इथे कायम. कुणीही येऊ द्या, काहीही करू द्या. बाकी सगळं पुसलं जाईल, चिमण्या पुसला जाणार नाही."

तात्या उठले. एकेका पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. शेवटच्या पडद्यापाशी त्यांनी हात लांब करून चिमण्याच्या कपाळाला लावला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला. मग मागे वळून म्हणाले, "कचऱ्याचा डबा त्याच्या वशिंडावर ठिवलायस. काढ त्यो."

खरंच, कचऱ्याच्या डब्याचं चित्र बरोबर बैलाच्या वशिंडावर बसलं होतं. एवढासा डबा हलवायचा तर सगळं कुलूप उघडायचं, डबा सरकवायचा, पुन्हा कुलूप लावायचं, आणि हे सहा वेळा. मी ते केलं. त्या वेळी बैल काढण्याची आयती संधी माझ्या हातात होती. पण तात्या माझ्या खांद्यामागे उभे होते आणि त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

संध्याकाळी मंगलताई परत आल्या, तेव्हा वाचनालयाच्या दारात चपलांचा ढीग होता. आत निम्मं गाव चिमण्याच्या दर्शनाला जमलेलं. एका बाईने नारळ आणला होता. मंगलताईंनी सहा पडद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुनीरभाऊ, हे काय?"

"कुलूप," मी म्हणालो.

"बैल आहे."

"कुलूप बैलाच्या बाजूने लागलंय ताई. पण लागलंय पक्कं."

"पुढच्या आठवड्यात कंपनीच्या मॅडम येतायत. त्यांना मी काय सांगू? वाचनालय आहे का गोठा?"

"दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता काढतो," मी म्हणालो आणि माउसला हात लावला. तेवढ्यात तात्या आत आले. गडबडीत होते. म्हणाले, "मंगल, देवळातली भांडी माज्या पडवीत नेऊन ठिवतोय. मंडपात उगं गंजायला लागल्यात. हितं आता जागा न्हाई, बैल बांदलाय." आणि निघून गेले.

मंगलताईंनी माझा हात माउसवरून उचलला आणि बाजूला ठेवला, हलकेच, जसं झोपलेल्या मुलाचा हात उचलतात.

आमची कोंडी अशी झाली होती. बैल काढला तर तात्या भांडी घेऊन परत येणार आणि खोली जाणार. बैल ठेवला तर मॅडम नाक मुरडणार आणि संगणक जाणार. घरी जाऊन रेहानाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं तुम्ही लोकांच्या चुका पुसत आलात. स्वतःची एक केलीत, तीसुद्धा न पुसता येणारी." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन खोल्या करता येत नाहीत का?"

करता येत होत्या! मी पाहणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक संगणकात दोन नमुने केले. एक 'गाव', त्यात चिमण्या. एक 'पाहुणे', त्यात निळं आकाश आणि एक सभ्य पांढरा ढग. दोन्हींना कुलूप. मॅडम येण्याआधी सगळे संगणक 'पाहुणे' म्हणून उघडून ठेवायचे, त्या गेल्या की पुन्हा 'गाव'. फक्त तात्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता, कारण सत्काराला शाल-श्रीफळ घेऊन तेच उभे राहणार होते.

पाहणीच्या सकाळी तात्या कडक इस्त्रीत आले, पडद्यांकडे पाहिलं, आणि त्यांची मिशी खाली आली.

"चिमण्या कुटं हाय?"

"आत ठेवलाय तात्या. परक्या माणसांची नजर लागायची. परवा शर्यत आहे ना?"

तात्यांनी विचार केला. "ब्येस केलंस," ते म्हणाले. "लई ब्येस केलंस."

कंपनीच्या मॅडम आल्या. बारीक, चष्म्याच्या, पायात बूट, हातात टॅब. नम्र होत्या, त्यामुळे आम्ही जास्तच घाबरलो. नारळ दिला, शाल दिली, मंगलताईंनी मुला-मुलींची ओळख करून दिली. मॅडम पहिल्या संगणकासमोर बसल्या, सभ्य ढगाकडे पाहून म्हणाल्या, "नाइस. सगळे सेम आहेत ना?" आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट जाणं ही काही घटना नव्हे. पंखे थांबले, बाहेर कोंबडा आरवला, तात्यांनी वायरमनच्या आईची आठवण काढली. मी मात्र जागच्या जागी थिजलो, कारण मला एक गोष्ट आठवली. गावातल्या मंडळींना दर वेळी नाव निवडायचा त्रास नको, म्हणून मी अशी सोय करून ठेवली होती की संगणक सुरू झाला, की तो आपोआप 'गाव' म्हणूनच उघडेल. माझ्या हुशारीचा हाच दोष आहे. ती एकटी येत नाही, बहिणीला घेऊन येते.

लाइट आली. सहा संगणक एकदम गुरगुरले. आधी पहिला, मग तिसरा, मग सगळेच, गुलाल उधळत, झूल झळकवत, एका डोळ्याने मॅडमकडे बघत.

मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं. पाटावरवंट्याकडे बघावं तसं पाहिलं. म्हणजे त्यातला कुठला माझ्या डोक्यात घालायचा, अशा नजरेने. तात्या ओरडले, "आरं मीठ-मोहऱ्या आना कुनीतरी!" कारण आता नजर लागणार होती.

मॅडम म्हणाल्या, "हे काय आहे?"

शेवटी तात्या पुढे आले. "ह्यो आमचा चिमण्या," ते म्हणाले. "गावाचा हाय."

मॅडमनी माउस हातात घेतला. वॉलपेपर बदलून समुद्र लावला. पडद्यावरची दोन चित्रं उडवली. अक्षर मोठं केलं. बाहेर पडल्या, आत आल्या. चिमण्या. दुसऱ्या संगणकावर गेल्या, स्वतःच्या पेनड्राइव्हमधून काहीतरी आत टाकलं, बाहेर पडल्या, आत आल्या. टाकलेलं गायब, चिमण्या हजर. मग त्या खुर्ची सरकवत एकेक करून सहाव्या संगणकापर्यंत गेल्या.

"हे कुणी सेट केलं?"

मंगलताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या तत्परतेने की मला वाईट वाटलं.

"आम्ही बाकी सेंटर्स पाहिली ना," मॅडम म्हणाल्या, "तिथे प्रत्येक मशीनवर वेगळाच गोंधळ असतो. कुठे गेम्स, कुठे कुणाचे बर्थडे फोटो. सगळे पहिल्या दिवशी होते तसे आहेत की मधे कुणी काही बदललंय, ते कळतच नाही. इथे बैल हलला नाही म्हणजे काहीच हललं नाही." त्यांनी टॅबवर काहीतरी दाबलं. "युनिफॉर्म आहेत. ओके." मग जरा वाकून बघत म्हणाल्या, "याला किती दात आहेत?"

तात्यांना आयुष्यात एवढा सुंदर प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते सांगत राहिले आणि मॅडम बुटांसकट गोठ्यात जाऊन आल्या. संगणक गावाचे झाले. मंगलताईंनी त्या दिवशी माझ्या चहात साखर दुप्पट घातली होती.

नंतरची फजिती अशी, की खोऱ्यातल्या प्रत्येक गावाला 'तसलं कुलूप' हवं झालं. तसलं म्हणजे बैलाचं. मी समजावून दमलो की कुलपाला बैल लागत नाही. ते म्हणायचे, "मग त्यांच्याकडं कसा हाय?" एका शाळेने गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी काढून बैल लावून घेतला. एका गावात दोन बैलमालक भांडले, तेव्हा मी जोडी जुंपून दोघांना एकाच पडद्यावर घातलं. मी, ज्याला घरची कोंबडी विचारत नाही, तो आज कुठल्याही बैलाचा खांदा, खूर आणि डावी-उजवी बाजू यांवर मत देतो. आणि लोक ते ऐकतात, हे जास्त वाईट.

परवा मंगलताईंचा पुन्हा फोन आला. संगणक जुने झाले, आतली सगळी व्यवस्था नवी घालायची होती. गेलो. म्हणजे चिमण्यासकट सगळं पुसणं आलं, आणि पहिल्यापासून नवी खोली लावणं आलं. मंगलताई म्हणाल्या, "बैल ठेवा हं. नाहीतर आम्हाला चुकल्यासारखं होतं."

तात्या बाहेर ओट्यावर बसले होते. आता शर्यतीत दुसरा बैल पळतो. चिमण्या गोठ्यात बसून खातो आणि तात्या त्याच्याशेजारी बसून खातात. मला बघून आत आले आणि माझ्या मागे खुर्ची ओढून बसले. मी नवी खोली लावली, फोटो घातला, आणि कुलपाकडे हात नेला.

"ह्या बारीला आदी नीट बगून घे," तात्या म्हणाले. "मग लाव."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? त्या दिशी चिमण्या पडद्यावर आला, तवा तुजं त्वांड बगितलं हुतं मी. जनम गेला माजा बैलांची तोंडं बगण्यात. 'भेट हाय' म्हनत हुतास, आन् त्वांड म्हनत हुतं 'मेलो'."

माझा हात माउसवरच राहिला. "मग तात्या, तेव्हाच का नाही बोललात?"

तात्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आता दुसरीच कुणी मुलगी बसली होती. "माजी नात बसायची तितं," ते म्हणाले. "पोलिसात हाय आता, पुन्याला. माज्या भ्यानं ओडनी वडून बसायची. मला काय दिसत न्हवतं व्हय? पर देवळात बसून शबूद दिलेला, भांडी परत हितंच येनार. त्यो मागं कसा घ्यायचा? गाडी मागं फिरवायची तर आदी बैल वळवावा लागतो बाबा. त्यो तू वळवलास." मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "न कळता वळवलास, ती गोष्ट येगळी."

मी कुलूप लावलं. बाहेर पडलो, आत आलो. चिमण्या आला, तोच गुलाल, तीच झूल, तोच एक डोळा. तात्या बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग पुढे वाकले आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"कॉम्प्युटर," ते म्हणाले, "डबा."

कचऱ्याचा डबा पुन्हा बरोबर वशिंडावर.

मी भुवया आकसल्या, "हं" म्हटलं, आणि चहा मागवला.